‘ढ’ ठरवण्याआधी

मराठी वर्णमालेतल्या एका अक्षराने आपल्या कितीतरी पोरांना शाळेबाहेर काढले आहे. ते अक्षर म्हणजे ‘ढ’. अशोकाच्या शिलालेखांतल्या ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत बाकीची अक्षरे बदलत गेली, ‘ढ’ मात्र जवळजवळ होते तसेच राहिले. म्हणून ज्याच्यात काही फरक पडत नाही त्या मुलाला ‘ढ’ म्हणतात, अशी या शब्दाची व्युत्पत्ती सांगतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, तिच्यातला आरोप नीट पाहण्यासारखा आहे. मुलात फरक पडत नाही, असा तो आरोप आहे. पण फरक पडावा म्हणून शाळेने काय केले, किती दिवस केले, आणि फरक पडतो की नाही हे कुणी मोजले काय, असे आरोप करणाऱ्याला कुणी विचारीत नाही. या लेखात मला तेच विचारावयाचे आहे.

माझा धाकटा भाऊ ‘ढ’ होता. भिवंडी तालुक्यातल्या वळ गावात आमची वस्ती. आजूबाजूला पूर्णा, राहनाळ, दापोडे. या पट्ट्यात शेते गेली आणि गोदामे उभी राहिली. घरातला मी पहिला पदवीधर. भिवंडीतच एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. भाऊ चौथीत दोनदा बसला, सातवीत त्याची शाळा सुटली, काही वर्षे यंत्रमागावर गेला आणि आता गोदामात माल चढवतो-उतरवतो. चारशे खोक्यांतले कुठले खोके कुठल्या थप्पीला आहे हे तो न चुकता सांगतो. चलानावरचे नाव मात्र दुसऱ्याकडून वाचून घेतो. त्याला वाचता का आले नाही? त्याच्या मेंदूच्या घडणीतच काही अडचण होती, की त्याला कुणी वाचायला शिकवलेच नाही? हा प्रश्न मी बराच काळ स्वतःला विचारला. उत्तर मिळाले नाही, आणि ते का मिळू शकत नाही हे मला वस्तीतल्या सहा मुलांनी शिकवले.

२०२३ च्या जुलैत आम्ही काही मित्रांनी वस्तीच्या विहारात संध्याकाळचा अभ्यासवर्ग सुरू केला. त्यात चौथीची सहा मुले अशी होती की, दुसरीच्या पुस्तकातला परिच्छेदही त्यांना वाचता येत नव्हता. शाळेच्या लेखी सहाही जण सारखेच: कच्चे. एका मुलाची आई मला म्हणाली, “सर, आमच्यात कोण शिकलंय? मग याच्यात कुठून येनार?” शाळेचा निकाल आईच्या तोंडून बाहेर पडत होता. पण ही मुले पहिलीत कधी गेली? २०२० च्या जूनमध्ये. तेव्हा शाळांना कुलूप होते. पहिलीचे सबंध वर्ष आणि दुसरीचे पहिले काही महिने या मुलांनी वर्ग पाहिलाच नाही. ज्या घरात एकच मोबाइल, आणि तोही बापाबरोबर गोदामात जाणारा, त्या घरातल्या मुलाने अक्षर कुठे शिकावयाचे? तेव्हा या सहांपैकी खरोखर कुणाला अडचण आहे आणि कुणाला शिकवलेच गेलेले नाही, हे नुसत्या परीक्षेवरून कळणे शक्यच नव्हते.

येथे ‘अध्ययन-अक्षमता’ म्हणजे काय ते स्पष्ट केले पाहिजे. मूल बोलते-चालते, व्यवहार समजतो, डोळे-कान ठीक आहेत. पण अक्षर आणि ध्वनी यांची सांगड बसत नाही, किंवा लिहिताना अक्षरे गळतात, किंवा आकड्यांचे नाते उमगत नाही. ही अडचण मेंदूच्या भाषा हाताळण्याच्या रीतीत असते. आळसात नसते आणि जातीत तर नसतेच. सॅम्युएल कर्क या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९६३ मध्ये हे नाव रूढ केले. आपल्याकडे ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट २००७ मध्ये आला आणि मध्यमवर्गीय घरांत हा शब्द पोचला. वस्तीत पोचला नाही. त्यांचा मुलगा वाचत नाही तेव्हा त्याला ‘डिस्लेक्सिया’ असतो; आमचा वाचत नाही तेव्हा तो ‘ढ’ असतो.

ही अक्षमता ओळखण्याची जुनी रीत अशी की, बुद्धिमापन चाचणी घ्यावयाची, वाचनाची चाचणी घ्यावयाची, आणि दोहोंत मोठी तफावत दिसली तर मुलाला अक्षमता आहे असे म्हणावयाचे. बुद्धी आहे, पण वाचता येत नाही. म्हणजे काहीतरी अडचण आहे, असा तो हिशेब. अमेरिकेत १९७७ च्या नियमांनी या तफावतीला अधिकृत मान्यता दिली. आपल्याकडे बिने यांची बुद्धिचाचणी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात मराठी व कानडी मुलांसाठी बेतून घेतली. ती आजही वापरात आहे.

या रीतीत दोन खोटी आहेत. पहिली ही की, तफावत मोठी व्हायला वेळ लागतो. मूल पहिलीत अडते, पण कागदावर तफावत दिसेपर्यंत ते तिसरी-चौथीत गेलेले असते. म्हणजे पोर नापास होईपर्यंत वाट पाहावयाची आणि मग औषध शोधावयाचे. दुसरी खोट आपल्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. बुद्धिचाचणीत शब्दसंग्रह विचारतात, सामान्य माहिती विचारतात. ज्या घरात पुस्तक नाही, ज्या मुलाच्या भाषेला शाळा अशुद्ध म्हणते, त्याचा बुद्ध्यंकही खालीच येतो. मग तफावत उरतच नाही. हिशेब सांगतो: याची बुद्धीच कमी, म्हणून वाचत नाही, यात विशेष ते काय? म्हणजे खरी अक्षमता असलेले गरिबाचे मूल या चाळणीतून खाली गळून जाते. त्याला ‘अक्षम’ म्हणून मदत नाही आणि ‘सक्षम’ म्हणून मान नाही.

हा घोळ आपल्याच देशात झाला असे नाही. १९७२ मध्ये आपण ब्लॅक पँथरपासून पँथर हे नाव घेतले. पण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याची शाळेतली बाजू आपल्यापर्यंत फारशी आली नाही. कॅलिफोर्नियात कृष्णवर्णीय मुलांना बुद्ध्यंकाच्या आधारावर मतिमंदांच्या वर्गात घातले जाई, लोकसंख्येतल्या त्यांच्या प्रमाणाहून कितीतरी अधिक. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या पालकांनी न्यायालयात धाव घेतली. ‘लॅरी पी.’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात १९७९ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट पेकहॅम यांनी निकाल दिला आणि कृष्णवर्णीय मुलांना अशा वर्गांत घालण्यासाठी बुद्धिचाचणी वापरण्यास मनाई केली. पुढे १९८२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या एका समितीने साधा पण मूलगामी मुद्दा मांडला: मुलात दोष आहे असे म्हणण्यापूर्वी, त्याला नेहमीच्या वर्गात नीट शिकवले गेले होते काय, हे आधी तपासा. चांगले शिकवूनही जे मूल शिकत नाही, त्याच्याविषयीच पुढचा विचार करा.

या एका वाक्यात पुराव्याचे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते. तोवर मुलाने आपण ‘ढ’ नाही हे सिद्ध करावयाचे होते; आता शाळेने आपण शिकवले हे सिद्ध करावयाचे आहे. २००४ मध्ये अमेरिकेच्या कायद्याने ही रीत मान्य केली. तफावतीची अट राज्यांनी सक्तीची करू नये आणि अध्यापनाला मूल कसा प्रतिसाद देते हे पाहून अक्षमता ओळखण्याची मुभा ठेवावी, असे त्या कायद्यात आहे.

रीत अवघड नाही. तिच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी सगळ्या वर्गाची: सर्व मुलांना नीट, पद्धतशीर शिकवावयाचे आणि वर्षातून दोन-तीन वेळा सगळ्यांचीच छोटी चाचणी घेऊन कोण मागे राहते आहे ते पाहावयाचे. दुसरी पायरी लहान गटाची: मागे राहिलेल्या तीन ते सहा मुलांना, वर्ग चालू ठेवून, आठवड्यातून तीन-चार वेळा अर्धा तास जादा शिकवावयाचे, आणि दर आठवड्याला प्रगती मोजावयाची. तिसरी पायरी एकेकट्या मुलाची: गटातही ज्याची रेघ वर चढत नाही त्याला अधिक वेळ, अधिक बारकाईने शिकवावयाचे आणि त्याची सखोल तपासणी करून घ्यावयाची. दोन गोष्टी पाहावयाच्या असतात: मूल इतरांच्या किती मागे आहे, आणि त्याचा वेग किती आहे. मागे असलेले पण वेगाने चढणारे मूल अक्षम नव्हे. त्याला फक्त संधी मिळालेली नव्हती. मागेही आहे आणि शिकवूनही वेग धरत नाही, त्याच्याकडे मात्र थांबून पाहिले पाहिजे.

आम्ही वळला काय केले ते सांगतो. प्रथम सहाही मुलांचे डोळे आणि कान तपासून घेतले. एका मुलाचा कान वाहत होता. त्याला वर्गात मागच्या ओळीत बसवत. त्याच्या ‘मठ्ठपणा’चा निम्मा उलगडा तिथेच झाला. मग दुसरीच्या पातळीचे छोटे परिच्छेद निवडले. दर शनिवारी प्रत्येक मुलाने नवा परिच्छेद एक मिनिट मोठ्याने वाचावयाचा; बरोबर वाचलेले शब्द मोजावयाचे; चौकटीच्या वहीत आठवड्यासमोर एक टिंब द्यावयाचे. टिंबे जोडली की मुलाची रेघ तयार होते. मिनेसोटा विद्यापीठातल्या स्टॅनले डीनो यांनी १९७० च्या दशकात ही मोजणी विकसित केली. तिला खर्च नाही. घड्याळ, वही आणि पेन्सिल पुरते.

मोजताना एक गोष्ट कटाक्षाने पाळली. मुलाने ‘पाणी’ हा शब्द ‘पानी’ असा वाचला तर चूक धरली नाही. ते त्याच्या घरचे बोलणे आहे. त्याने शब्द ओळखला आहे. ‘कोण’चे ‘कोन’ झाले म्हणून ज्या वर्गात हसतात तिथे मूल तोंड उघडावयाचेच थांबते, आणि मग न वाचण्याचे खापर त्याच्या मेंदूवर फोडतात. याउलट ‘किडा’चा ‘कडा’ होणे, ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांची सतत अदलाबदल, ‘पुस्तक’ शब्दातल्या जोडाक्षराशी प्रत्येक वेळी अडखळणे, या चुकांची आम्ही नोंद ठेवली. अशा चुका शिकणाऱ्या प्रत्येक मुलाच्या होतात. प्रश्न असतो तो त्या कमी होतात की नाहीत याचा.

शिकवले ते असे. आठवड्यातून चार संध्याकाळी, अर्धा तास. सबंध बाराखडी घोकून घेण्याऐवजी थोडी अक्षरे आणि एक-दोन मात्रा घ्यावयाच्या आणि त्यांतून लगेच अर्थ असलेले शब्द वाचावयाचे. ‘कमळ’मधला पहिला आवाज कोणता, तो काढला तर काय उरते, असे तोंडी खेळ. मुलांनी स्वतः सांगितलेले वाक्य फळ्यावर लिहून त्यांच्याकडून वाचून घेणे. ‘माझी आई पॅकिंगला जाते’ हे वाक्य सगळ्यांनी चटकन वाचले. यात आमचे नवे काही नाही. अनुताई वाघ आणि ताराबाई मोडक यांनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांना त्यांच्या परिसरातून शिकवण्याचा मार्ग कधीच दाखवला होता. आमच्या शेजारच्या वाडा तालुक्यात सोनाळे येथे ‘क्वेस्ट’ ही संस्था भाषाशिक्षणाचे काम करते. २०११ नंतर काही वर्षे वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीर भागात मुलांच्या वाचन-लेखनाचा दीर्घ अभ्यास झाला. वर्गाचा बराच वेळ अक्षरांच्या घोकंपट्टीत जातो आणि अर्थाला, मुलांच्या बोलण्याला जागा उरत नाही, हे त्यातून पुढे आले.

बारा आठवड्यांनी वह्या समोर ठेवल्या. एक मुलगी सुरुवातीला मिनिटाला सहा शब्द वाचत होती. ती अडतीसवर पोचली. लहान भावाला सांभाळण्यासाठी तिची शाळा सारखी बुडे. तिच्या ‘कच्चेपणा’चे सगळे कारण तेवढेच होते. आणखी तिघांच्या रेघा तशाच वर गेल्या. कान वाहणारा मुलगा औषधानंतर उशिरा का होईना, चढू लागला. सहावा मुलगा पाच शब्दांवर होता. तो नऊवर आला. तोच वर्ग, तीच पुस्तके, तेच शिकवणारे. हजेरी त्याची सर्वांत चांगली. तोंडी गोष्ट तो सर्वांत रंगवून सांगे. पण काल ओळखलेले अक्षर त्याला आज नवे वाटे. जुलैत सहाही जण सारखे दिसत होते. ऑक्टोबरात ते सारखे नव्हते. शिकवल्याशिवाय हा फरक दिसलाच नसता.

त्याला आणखी दोन महिने एकट्याला शिकवले आणि त्याच वेळी एका सरकारी रुग्णालयात नेले. चार खेपा झाल्या. दर खेपेला आईची एका दिवसाची मजुरी बुडाली. शेवटी वाचन-लेखनाची विशिष्ट अक्षमता असल्याचे कागदावर आले. आई कागद हातात घेऊन मला म्हणाली, “म्हणजे तो ढ नाय ना?” मी नाही म्हणालो. तिने विचारले, “मग इतकी वर्षं मारला कशाला?” याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

आता हा प्रश्न एका वस्तीचा नाही हे पाहू. ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी फक्त २०.५ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला, पाचवीत ४२.८ टक्के. पाचवीतली निम्म्याहून अधिक मुले वाचत नसतील तर ती सगळी अक्षम आहेत असे कोण म्हणेल? हे शाळेचे अपयश आहे. पण याच मोठ्या गर्दीत खरी अक्षमता असलेली थोडी मुले दडलेली आहेत. गर्दी हलल्याशिवाय ती दिसत नाहीत. म्हणून सर्वांना चांगले शिकवणे आणि अक्षम मुलाला ओळखणे या दोन वेगळ्या मागण्या नव्हेत. ती एकच मागणी आहे.

आणि ओळखण्याला आज किंमत आहे. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात अध्ययन-अक्षमता नव्हती; २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिचा समावेश केला. उच्च शिक्षणात दिव्यांगांसाठी पाच टक्के जागा आहेत. सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्क्यांपैकी एक टक्का ज्या गटासाठी आहे त्यात ही अक्षमताही येते. महाराष्ट्रात तर १९९६ पासूनच शालान्त परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुका न धरणे अशा सवलती सुरू झाल्या. या सवलती कुणी घेतल्या? ज्यांना त्या आहेत हे माहीत होते, ज्यांना मुंबईच्या रुग्णालयांत खेपा घालणे परवडत होते, त्यांनी. २०१८ मध्ये केंद्राने प्रमाणपत्रासाठी ज्या सूचना काढल्या, त्यांत तिसरीत किंवा आठव्या वर्षी शिक्षकाने पहिली चाळणी करावी असे म्हटले आहे. ते योग्यच आहे. पण त्याच सूचनांत आधी बुद्ध्यंक पाहून, तो ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल तरच पुढची चाचणी, असा क्रमही आहे. म्हणजे जुनी चाळणी दारातच उभी आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये मराठीतही वाचन-अक्षमतेची चाचणी तयार करून दिली. ती किती जिल्हा परिषद शाळांतल्या शिक्षकांच्या हाती पडली, हे प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या तालुक्यात विचारावे.

या रीतीचे गुणगान करून मला थांबावयाचे नाही. तिच्यात धोके आहेत. अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या सरकारी मूल्यमापनात, सीमारेषेच्या किंचित खाली असलेली पहिलीची मुले जादा मदतीनंतर पुढे जाण्याऐवजी थोडी मागेच पडल्याचे दिसले. नुसता गट केला म्हणजे शिकवले असे होत नाही. आणि वर्गातून उठवून नेलेल्या मुलाचा वर्गातला पाठ बुडाला तर तोटाच होतो. दुसरा धोका दिरंगाईचा. ‘अजून शिकवून पाहू’ म्हणत वर्षे काढता येतात. या पद्धतीचे निमित्त करून तपासणी लांबवू नका, असे तिथल्या शिक्षण खात्याला २०११ मध्ये राज्यांना लेखी बजावावे लागले. म्हणून मुदत हवी. बारा आठवडे, फार तर वीस. पालकाने तपासणी मागितली तर ती त्याच दिवशी मिळाली पाहिजे. तिसरा धोका आपल्या देशातला. ‘कच्च्यांचा गट’ आणि ‘त्या वस्तीतली पोरे’ हे शब्द एकच होऊन बसतील. ज्या बाबासाहेबांना वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागले, त्यांच्या लेकरांना शास्त्राच्या नावाने पुन्हा वेगळ्या कोपऱ्यात बसवले जाऊ नये. गटातून बाहेर पडण्याची तारीख गटात घालण्याच्या दिवशीच लिहिली पाहिजे.

एकाच शिक्षकाकडे दोन इयत्ता आणि वर सरकारी कामे. तो हे कधी करणार, असे कुणी म्हणेल. हा आक्षेप खरा आहे, आणि तो शासनाकडे वळवावयाचा आहे. फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणासाठी पैसा आणि बहुजनांत मिसळणारा, नीट पगार असलेला प्रशिक्षित शिक्षक मागितला होता. ती मागणी अजून जुनी झालेली नाही. पण शासन जागे होईपर्यंत विहारातला, समाजमंदिरातला अभ्यासवर्ग थांबवण्याचे कारण नाही. पदवीचे शिक्षण घेणारा प्रत्येक विद्यार्थी सहा वह्या सांभाळू शकतो. आमच्या वर्गात माझे विद्यार्थीच त्या सांभाळतात.

माझ्या भावाकडे परत येतो. त्याला अक्षमता होती की त्याला कुणी शिकवलेच नाही, हे आता कुणालाही सांगता येणार नाही, कारण त्याची वही कुणी ठेवली नाही. चौथीत तो दोन वर्षे त्याच बाकावर बसला. दुसऱ्या वर्षी त्याला पहिल्यापेक्षा वेगळे काय शिकवले, याची नोंद कुठेही नाही. सहावा मुलगा आता अभ्यासवर्गाला नियमित येतो, हळू वाचतो, परीक्षेत जादा वेळ मागतो. तेव्हा यापुढे आपल्या मुलाला कुणी ‘ढ’ म्हटले तर भांडण्याआधी आणि मान खाली घालण्याआधी एवढेच विचारा: याला काय शिकवले, किती आठवडे शिकवले, आणि त्याची वही कुठे आहे? वही नसेल, तर निकालही नाही.